रंगूबाईंचे टाके

विठ्ठलवाडी स्टेशनाच्या कल्याण बाजूला जी गल्ली आहे, तिथे पस्तिशीच्या आतला एकही पुरुष असा सापडायचा नाही, ज्याची शाळेची पँट रंगूबाई शेडग्यांनी शिवलेली नाही. आता यांतले बरेचजण जिमला जातात, दाढी कोरून घेतात, बाइकच्या मागे वाघाचं तोंड चिकटवतात. पण रंगूबाई समोरून आल्या की त्यांचा हात आपोआप कमरेकडे जातो, शर्ट नीट खोचलाय ना ते बघायला. लहानपणी माप देताना कुणी पोट आत ओढलं की रंगूबाई टेपचं टोक हळूच त्या पोटावर मारायच्या आणि म्हणायच्या, "खरं पोट दाव. लबाडी केलीस तर दिवाळीआधी बटण तुटंल." ती पोटं अजून विसरलेली नाहीत.

साताऱ्याकडच्या माण तालुक्यातून लग्न होऊन त्या इथे आल्या, तेव्हा त्यांचे यजमान विठ्ठलराव ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. पुढे कारखाना बंद पडला आणि विठ्ठलराव माजिवड्याच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. रंगूबाईंनी कॉटखालचं शिलाई मशीन ओढून बाहेर काढलं, पुसलं आणि दारात मांडलं. त्या वर्षीच्या जूनपासून गल्लीतले शाळेचे गणवेश त्यांच्याकडे यायला लागले ते आजतागायत.

त्यांच्या कामाच्या दोन सवयी सगळ्यांना पाठ आहेत. एक म्हणजे पँटच्या पायाशी आत चार बोटं कापड दुमडून ठेवायचं. पोरगं वाढलं की टाके उसवायचे आणि पँट खाली सोडायची. दुसरी सवय हातशिलाईची. शेवटची गाठ मारल्यावर दोरा तोडायच्या आधी त्या एक टाका उलटा फिरवून घेतात आणि तो गाठीवर आडवा बसवतात. असं कुठला टेलर करत नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात की रंगूबाईंचा टाका उसवत नाही, त्याआधी कापड फाटतं. काहीजणी हे कौतुकाने म्हणतात, काहीजणी नवी पँट फाटल्यामुळे म्हणतात.

साईनाथ त्यांचा एकुलता एक मुलगा. दुमडून ठेवलेलं चार बोटं कापड त्याला कधी वर्षभर पुरलं नाही. दिवाळीपर्यंतच पँट घोट्याच्या वर जायची आणि पोरं त्याला चिडवायची. तो आणि शेजारच्या खोलीतला संदेश रोज पहाटे मलंग रोडला धावायला जायचे, दोघांनाही फौजेत जायचं होतं. भरतीत साईनाथ लागला आणि संदेशच्या पायाचे तळवे सपाट निघाले म्हणून तो बाद झाला. संदेश घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवायलाही उठेना. साईनाथ पेढ्याचा बॉक्स घेऊन आला, त्याच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "तू ऊठ. तू खाल्ल्याशिवाय मी कुणाला वाटणार नाहीये." संध्याकाळ झाली तरी बॉक्स बंद होता. शेवटी संदेशने उठून एक पेढा तोंडात कोंबला आणि त्याला एक शिवी दिली, मग गल्लीला पेढे मिळाले.

चार वर्षांपूर्वी काश्मीरमधल्या एका चकमकीत साईनाथ गेला. त्याच्या पुढे असलेल्या जोडीदाराच्या मांडीला गोळी लागली होती. त्याला ओढून मागे आणायला साईनाथ आडोसा सोडून पुढे गेला. जोडीदार वाचला. तो पंजाबचा मुलगा नंतर कुबडी घेऊन कल्याणला येऊन गेला, रंगूबाईंच्या पायाशी बसला आणि त्याने जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. जागा अक्रोडाच्या झाडांची होती, दुपारची वेळ होती, साईनाथ त्याला ओढताना सारखा म्हणत होता की वजन कमी कर लेका.

रंगूबाई रडल्या. खूप रडल्या, गल्लीने ऐकलं इतक्या रडल्या. तरी अंत्यसंस्काराच्या दिवशी कुणा पुढाऱ्याने माइकवर त्यांना अश्रू न ढाळणारी वीरमाता करून टाकलं. घरी आल्यावर विठ्ठलराव म्हणाले, "तू रडली नाहीस म्हणे." रंगूबाई म्हणाल्या, "व्हय का," आणि पुन्हा रडायला लागल्या.

तो मे महिना होता. जून तोंडावर आला तरी एकही कापड त्यांच्या दारात आलं नाही. त्यांना आता कशाला त्रास, म्हणून आयांनी मुकाट्याने दुसरे टेलर गाठले होते. रंगूबाईंच्या ते लक्षात आलं तशी त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि त्या घराघरांत गेल्या. प्रत्येक दारात एकच बोलल्या, "माझं पोरगं गेलं म्हणून तुमची पोरं काय शाळंत उघडी धाडणार?" त्या जूनला मशीन रोजच्यासारखं चाललं. शिवताना त्यांचे डोळे वाहायचे, मग त्या कापड जरा बाजूला धरायच्या, डाग पडू नये म्हणून. बाईचा हा पीळ ज्यांनी पाहिला, त्यांना त्या पुढाऱ्याचं भाषण आठवतसुद्धा नाही.

आता यंदाच्या गणपतीची गोष्ट.

संदेश आज वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. कल्याणात हलत्या देखाव्यांचं वेड जुनं. दरवर्षी मंडळं मोटरी, तारा, दिवे लावून काहीतरी उभं करतात, आणि एक संस्था त्यांची स्पर्धा घेते. यंदा संदेशने मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की देखावा साईनाथचा होणार. कुणी हरकत घेतली नाही. पोरांनी महिनाभर ऑफिस सुटल्यावर मांडवात राबून डोंगर उभा केला. लाकडी सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर रंग आणि वर कापसाचा बर्फ. वायरिंग बंटीकडे होतं. बंटी म्हणजे गल्लीचा इलेक्ट्रिशियन, सगळ्यांच्या घरचे पंखे त्यानेच लावलेले, आणि त्यातले निम्मे अजून आवाज करतात.

साईनाथसाठी त्यांनी उल्हासनगरच्या एका कपड्यांच्या दुकानातून शोकेसमधला पुतळा भाड्याने आणला. गोरा, चाफेकळी नाकाचा, कमरेत बारीक. त्याला लष्करी पोशाख घातला तर तो अंगावर लोंबायला लागला. मग संदेश तो पोशाख घेऊन रंगूबाईंकडे गेला. दारात उभा राहून तो पोशाखाची घडी पुन्हापुन्हा घालत राहिला.

"साईचा देखावा करताय ना," रंगूबाई म्हणाल्या. "गल्लीला ठावं हाय, मला नसंल व्हय? आण तो इकडं."

पोरांनी पुतळाच उचलून वर आणला. रंगूबाईंनी टेप काढली नाही. छातीला आतून कापसाची गादी दिली, बाह्या सोडल्या, आणि खांद्याजवळ हात फिरवून म्हणाल्या की इथं आणखी अर्धा बोट रुंद होता. पुतळा दोन दिवस त्यांच्या खोलीत मशीनशेजारी उभा होता. विठ्ठलराव येता-जाता त्याच्याकडे बघायचे. त्या दोन दिवसांत रंगूबाई खुशीत होत्या, हे शेजारच्या योगिनीने सगळ्यांना सांगितलं. देखाव्यात नेमकं काय होणार, ते मात्र पोरांनी सांगितलं नाही. पोरं रंगूबाईंना मावशी म्हणायची, आणि मावशीला सरप्राइज द्यायचं ठरलं होतं.

पहिल्या संध्याकाळी आरतीचा मान शेडगे पतिपत्नींना दिला. आरती झाली, मांडवातले दिवे गेले आणि पडदा सरकला. निळसर उजेडात डोंगर दिसला. स्पीकरवर संदेशचा आवाज सुरू झाला. त्याने स्वतःच लिहिलं होतं आणि स्वतःच वाचलं होतं. दिव्याचा झोत डोंगर चढत गेला आणि फटीत उभ्या असलेल्या साईनाथवर थांबला. गोळ्यांचे आवाज झाले, दोन्हीकडून दिवे लुकलुकले. मग त्याच्या छातीवर लाल बल्ब पेटला. "आणि आमचा साईनाथ," संदेशचा आवाज तिथे कापायला लागला, "धारातीर्थी पडला." पुतळा पुढे कलला आणि धाडकन फळीवर आपटला.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका डोळे पुसत होत्या. पोरं मात्र देखाव्याकडे बघत नव्हती, ती रंगूबाईंच्या तोंडाकडे बघत होती. बंटीचे डोळे जागरणाने लाल झाले होते. संदेश ओठ दाबून उभा होता. रंगूबाईंनी त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आत काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत. वर त्या एवढंच म्हणाल्या, "छान केलंय रे. लई कष्ट घेतलेत." पोरांच्या जिवात जीव आला. तोवर पुढची गर्दी आत आली होती. बंटीने बटण दाबलं आणि दिव्याचा झोत पुन्हा डोंगर चढायला लागला.

यात चूक कुणाची म्हणावी? कुणाचीच नाही, आणि हीच तर पंचाईत होती. देखावा हलता पाहिजे, शेवट ठसठशीत पाहिजे, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, ही आपल्याकडची रीत. त्या रीतीत वाढलेल्या पोरांनी जीव ओतून आपला मित्र उभा केला आणि रीतीप्रमाणे त्याला पाडला. गर्दी बदलली की परत पाडला. संध्याकाळी दिवे लागले की सुरू, ते मांडव बंद होईपर्यंत. आणि शेडग्यांची खोली मांडवाच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर.

रंगूबाईंनी खिडकी लावून घेतली. खिडकीने आवाज थांबत नव्हता. संदेशचा आवाज कापायला लागला की त्यांचे खांदे आपोआप आवळले जायचे, आणि तो धाडकन आवाज जमिनीतून त्यांच्या तळपायात यायचा. त्या मशीन सुरू करायच्या. मशीन थांबलं की कुकर लावायच्या. त्या आठवड्यात शेडग्यांच्या घरी डाळ इतकी शिजली की ती खायला माणूस उरला नाही. मनात एकच चाललेलं असायचं, माझ्या लेकराला आता पाडू नका. पण ते सांगायचं कुणाला? महिनाभर जागलेल्या पोरांना? त्यांना नंबर हवा होता, आणि तो साईनाथच्या नावाने हवा होता.

विठ्ठलराव मात्र रोज संध्याकाळी मांडवात जाऊन पुढच्या खुर्चीत बसायचे आणि शेवटपर्यंत उठायचे नाहीत. रंगूबाईंना त्याचा राग यायला लागला. एका सकाळी चहा पुढ्यात ठेवताना त्यांनी विचारलंच.

"अहो, बघवतं कसं तुमाला?"

विठ्ठलरावांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच धरून बसले. "पडतो तेव्हा मी डोळे मिटतो गं. मग दिवे जातात, लोक उठून बाहेर जातात. तेव्हा बंटी मागची तार ओढतो आणि तो परत उभा राहतो. अंधारात. ते कुणी बघत नाही. मी ते बघायला बसतो."

त्या दिवसापासून रंगूबाईंना नवऱ्याचा राग येईना, आणि बोलायची सोयही उरली नाही. पोरांचा नंबर आणि या म्हाताऱ्याचं ते अंधारातलं सुख, दोन्ही आपल्या एका शब्दाने जाणार. त्यांनी ठरवलं की निदान परीक्षक येऊन जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी छातीला बिल्ले लावलेली चार माणसं मांडवात आली, त्यांनी देखावा बघितला, फोटो काढले आणि चहा घेऊन गेली. रंगूबाई तेव्हा खाली प्रसाद वाटायला उभ्या होत्या. त्यांना वाटलं, झाले परीक्षक. त्यांना हलकं वाटलं. तेवढ्यात बाहेरगावची दिसणारी एक बाई मोबाइल पुढे धरून बंटीजवळ आली. चांगली साधी बाई होती, चेहऱ्यावर भक्तिभाव होता.

"दादा," ती म्हणाली, "आमचा व्हिडिओ नीट नाही आला. अजून एकदा पाडा ना त्याला."

बंटीने हसून बटण दाबलं. रंगूबाईंनी प्रसादाचं ताट योगिनीच्या हातात दिलं आणि त्या वर निघून गेल्या. त्या रात्री त्यांनी कुकर लावला नाही, मशीनही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात विठ्ठलराव एकटेच होते. दुपारी पोरं कामावर असतात, म्हणून मूर्तीजवळ बसायचं काम गल्लीतल्या निवृत्त माणसांकडे. ते पेपर वाचत असताना रंगूबाई आल्या. हातात गोणी शिवायचं दाभण होतं आणि मेण लावलेला जाड दोरा. त्या सरळ पडद्यामागे डोंगराकडे निघाल्या.

"काय करतेस?"

"उसवलंय थोडं."

विठ्ठलरावांनी दाभणाकडे पाहिलं. साईनाथच्या पोशाखाचं काही उसवलं नव्हतं, आणि असतं तरी ते दाभणाने कुणी शिवत नाही. त्यांना सगळं कळलं. ते उठले आणि तिच्या मागोमाग आत गेले. आतल्या अंधुक उजेडात रंगूबाईंना दाभणात दोरा ओवता येईना. विठ्ठलरावांनी दाभण घेतलं, लेथवर काम केलेल्या बोटांनी दोरा एका झटक्यात ओवला आणि तिच्या हातात दिला.

"मग तुमाला उठताना दिसायचा न्हाई," रंगूबाई म्हणाल्या.

"पडलाच नाही तर उठेल कशाला," विठ्ठलराव म्हणाले. "घट्ट घाल."

रंगूबाईंनी साईनाथच्या पाठीमागे उभं राहून त्याचे खांदे, पट्टा आणि कॉलर डोंगराच्या गोणपाटाला आणि आतल्या लाकडाला शिवून टाकले. वर्षानुवर्षांच्या सवयीने प्रत्येक गाठीवर एक उलटा टाका बसला. बाहेर विठ्ठलराव पुन्हा पेपर उघडून बसले होते, बातम्या कुठल्या होत्या ते मात्र विचारू नये.

आणि त्याच संध्याकाळी खरे परीक्षक आले. कालचे बिल्लेवाले कुठल्याशा पतपेढीचे होते, गणपती बघत फिरत होते.

रंगूबाई वर खोलीत बसल्या होत्या. खालून संदेशचा आवाज सुरू झाला. गोळ्या सुटल्या. आवाज कापायला लागला आणि त्यांचे खांदे आवळले. "धारातीर्थी पडला." पुढे काही झालं नाही. तळपायाला काही लागलं नाही. किती दिवसांनी त्यांनी पूर्ण श्वास घेतला. मग खाली मोटर घरघरायला लागली, कुणीतरी हसलं, आरडाओरडा सुरू झाला. रंगूबाईंनी खिडकी उघडली. मांडवाच्या तोंडाशी हातात पॅड धरलेले दोन पुरुष आणि एक वयस्कर बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे एकाने त्या स्पर्धेचा बोर्ड धरला होता. रंगूबाई तशाच जिन्याकडे धावल्या.

खाली पोरांनी बंटीला घेरलं होतं.

"एक काम दिलेलं तुला, एक," कुणीतरी त्याच्यावर खेकसलं. "आजच मरायचं होतं का तुझ्या मोटरला?"

"आईशप्पथ भाई, काल रात्री मस्त चाललेलं. मी हातपण नाय लावलाय," बंटी रडवेला होऊन सांगत होता. महिनाभर झोप नाही, आणि आता सगळ्या गल्लीदेखत शिव्या.

संदेश टॉर्च घेऊन डोंगरामागे गेला. त्याने मोटर बघितली, तारा बघितल्या, आणि मग उजेड साईनाथच्या पाठीवर पडला. जाड दोऱ्याचे टाके खांद्यापासून पट्ट्यापर्यंत ओळीने घातलेले. त्याने एका गाठीवर बोट ठेवलं. गाठीवर आडवा बसलेला उलटा टाका. पहिलीपासून दहावीपर्यंत त्याच्या प्रत्येक पँटच्या पायाशी हाच टाका होता, साईनाथच्याही होता. संदेशने टॉर्च बंद केला. मग तो बाहेर आला.

"बंटीला सोडा," तो म्हणाला. "चूक माझी आहे. एक स्क्रू ढिला राहिला, मी चेक नाही केला."

"मोटर चांगली हाय," मागून आवाज आला. रंगूबाई पदर खोचून गर्दीतून पुढे आल्या होत्या. "कुणी काय केलेलं न्हाई. मी त्याला शिवून टाकलाय."

परीक्षकांना काही कळेना. रंगूबाई संदेशसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना बोलताना दम लागत होता, कारण हे बोलणं त्यांनी आठवडाभर गिळलं होतं.

"तुमी त्याला एवढा मोठा केलात, मला बरं वाटतं रे. खरंच वाटतं. पण तुमी त्याला रोज पाडता. तिकडं तो पडला तवा मी नव्हते, मला दिसलं न्हाई, ऐकू आलं न्हाई. आता माझ्या खिडकीखाली पडतो आणि मी वर बसून ऐकते. काल एक बाई म्हणाली, अजून एकदा पाडा. त्यात तिची चूक न्हाई, तुमची न्हाई. पण माझ्याच्यानं होत न्हाई आता. तुमचा नंबर गेला माझ्यापायी. मला वाटलं, ते लोक काल येऊन गेले."

संदेशच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो ते पुसतही नव्हता. "मावशी, पहिल्याच दिवशी का नाही बोललीस गं?"

"कसं बोलू? तुझा आवाज कापतो त्यात."

"दाभणात दोरा मी ओवला," पुढच्या खुर्चीतून विठ्ठलराव म्हणाले. "शिक्षा करायची तर दोघांना करा."

त्यावर कुणीतरी रडता रडता हसलं, आणि मग बरेचजण हसले. संदेशने बंटीच्या हातातली पक्कड घेतली, डोंगराजवळ गेला आणि पाडायची पुढची तार कापून टाकली. उठवायची मागची तारही कापली. परीक्षकांतल्या वयस्कर बाईंनी पेनला टोपण लावलं, रंगूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या निघून गेल्या. मंडळाचा नंबर आला नाही. पोरांना वाईट वाटलं, नाही असं नाही. बंटीने तर दोन दिवस तोंड पाडलं, पण तो पंखे दुरुस्त करतानाही तसंच तोंड करतो.

पुढचे दिवस देखावा चालला, पण संदेशचं बोलणं साईनाथ जोडीदारासाठी पुढे गेला इथेच थांबायचं. कापसाचा बर्फही पोरांनी काढून टाकला, कारण रंगूबाईंनी त्यांना अक्रोडाच्या झाडांचं सांगितलं. बाहेरची माणसं विचारायची, पुढे काय झालं? मग मंडळातलं कुणीतरी त्यांना तोंडाने सांगायचं, आणि ते सांगताना आवाज आपोआप खाली यायचा. रंगूबाई आता रोज खाली येऊन विठ्ठलरावांच्या शेजारी बसायच्या. मांडीवर काजं-बटणांचं काम असायचं. मधूनच मान वर करून त्या डोंगराकडे बघायच्या आणि परत सुई चालवायच्या.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडायला घेतला. पुतळा दुकानात परत द्यायचा होता, टेम्पो येऊन उभा राहिला होता. बंटी ब्लेड घेऊन पुढे झाला, तसं संदेशने त्याला अडवलं. "थांब. तिचं काम आहे." आणि त्याने खिडकीकडे बघून हाक मारली.

रंगूबाई मोठी कात्री घेऊन आल्या. डोंगरामागे गेल्या, पहिल्या टाक्याखाली कात्रीचं पातं घातलं आणि थबकल्या. मग त्यांनी मान वळवून पोरांकडे बघितलं.

"धरा त्याला," त्या म्हणाल्या.

पोरं धावली. कुणी खांदे धरले, कुणी दंड, कुणी कंबर. बंटी गुडघे टेकून पायांना मिठी मारून बसला. संदेश समोरून छातीला छाती लावून उभा राहिला. विठ्ठलरावांनी पाठीवर तळहात ठेवला. गल्लीतले एवढे दांडगे बाप्ये, सगळ्यांच्या शाळेच्या पँटी रंगूबाईंनी खाली सोडलेल्या, एका शोकेसच्या पुतळ्याला धरून श्वास रोखून उभे होते आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. रंगूबाईंनी एकेक टाका कापला. पट्ट्याचे, मग खांद्यांचे, शेवटी कॉलरचा. तो सुटल्याबरोबर पुतळा पुढे कलला आणि त्याचं सगळं वजन संदेशच्या खांद्यावर आलं.

"हाय का नीट?" रंगूबाईंनी मागून विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"आहे, मावशी. धरलाय."

तेव्हा रंगूबाई पुढे आल्या. त्यांनी साईनाथची कॉलर सारखी केली, खांद्यावर चिकटलेला गोणपाटाचा धागा काढला. पोरांनी त्याला उचललं. टेम्पोवाला म्हणाला, आडवा टाका, रस्ता खराब आहे. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. संदेश टेम्पोत चढला, त्याच्यामागून बंटी चढला, आणि दोघांनी पुतळ्याला मधे घेऊन दोन्ही बाजूंनी दंडांत धरलं. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर टेम्पो चांगलाच उडाला. रंगूबाईंनी पदर मुठीत आवळला. टेम्पो उल्हासनगरकडे वळेपर्यंत त्या रस्त्यात उभ्या राहून बघत होत्या. साईनाथ उभाच होता.